नानजिंगचं हत्याकांड आणि जपानमधला वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. वर्गात व्याकरण चालू असतं आणि मध्येच कुणीतरी हात वर करून नानजिंगबद्दल विचारतं. टोकियोत नोकरीला गेलेले जुने विद्यार्थी रात्री उशिरा मेसेज करतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा एखादा मजकूर पुढे पाठवून 'हे खरं का हो बाई?' असं विचारणारेही आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुळात नानजिंगमध्ये झालं काय?

जुलै १९३७ मध्ये बीजिंगजवळच्या लुगौ पुलावर चकमक झाली आणि जपान-चीन युद्ध पेटलं. ऑगस्टपासून शांघायमध्ये तीन महिने घनघोर लढाई झाली. तिथून जपानी सैन्य चीनच्या तेव्हाच्या राजधानीवर, म्हणजे नानजिंगवर चालून गेलं. रसद मागे राहिली होती, त्यामुळे वाटेतल्या गावांची लूट आणि जाळपोळ तेव्हाच सुरू झाली. चीनचा सत्ताधीश चँग कै-शेक आधीच शहर सोडून गेला होता. बचावाची जबाबदारी असलेला सेनापती तांग शंगझी १२ डिसेंबरच्या रात्री नदी ओलांडून निघून गेला आणि १३ डिसेंबरला शहर पडलं.

पुढचे साधारण सहा आठवडे शरण आलेल्या सैनिकांना जथ्थ्याजथ्थ्याने यांगत्सेच्या काठावर नेऊन मारलं गेलं. सैनिक असल्याच्या संशयावरून साधी माणसं घराघरातून ओढून नेली. बायकांवर बलात्कार झाले, दुकानं लुटून पेटवली गेली. शहरात राहिलेल्या मूठभर परदेशी लोकांनी एक 'सुरक्षा क्षेत्र' आखलं होतं. सीमेन्स कंपनीचा जर्मन अधिकारी जॉन राबे त्याचा अध्यक्ष होता. सुमारे चार चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात दोन लाखांहून जास्त माणसं दाटीवाटीने राहिली. मिनी व्होट्रिन ही अमेरिकन बाई जिनलिंग महिला महाविद्यालयाच्या फाटकावर उभी राहून सैनिकांना अडवत होती. आत हजारो बायका-मुली होत्या.

२. 'नानकिन जिकेन', 'हत्याकांड', 'बलात्कार'... योग्य शब्द कुठला?

जपानी शालेय पुस्तकांत बहुधा 'नानकिन जिकेन' असतं. 'जिकेन' म्हणजे घटना, प्रकरण. 'नानकिन दाइग्याकुसात्सु' म्हणजे नानजिंगची मोठी कत्तल. शब्दावरून बोलणाऱ्याचा कल थोडाफार कळतो, पण 'जिकेन' म्हणणारा प्रत्येक जण नाकारणारा असतो असं अजिबात नाही. अनेक गंभीर इतिहासकार हाच शब्द वापरतात, कारण त्यात हत्या, बलात्कार, लूट सगळं येतं. मी मराठीत 'हत्याकांड' म्हणते.

३. जपान सरकार हे नाकारतं ना?

नाही. सर्वात जास्त गैरसमज इथेच आहे. परराष्ट्र मंत्रालयाची लेखी भूमिका अशी आहे : १९३७ मध्ये जपानी सैन्य नानजिंगमध्ये शिरल्यानंतर बिगर-लढवय्यांच्या हत्या, लूट वगैरे घडलं हे नाकारता येत नाही, मात्र मृतांची नेमकी संख्या ठरवणं कठीण आहे. दोन्ही सरकारांनी नेमलेल्या इतिहासकारांच्या संयुक्त समितीचा अहवाल २०१० मध्ये बाहेर आला. त्यातही जपानी बाजूने हत्याकांड झाल्याचं मान्य केलं आहे.

पण सरकारची भूमिका एक आणि सत्तेतल्या माणसांची तोंडं दुसरी, असं अनेकदा झालं आहे. १९९४ मध्ये न्यायमंत्री शिगेतो नागानो यांनी नानजिंगचं हत्याकांड ही बनावट गोष्ट असल्याचं म्हटलं. काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. टोकियोचे पुढे गव्हर्नर झालेले शिंतारो इशिहारा १९९० मध्येच हे चिन्यांनी रचलेलं असत्य आहे असं मुलाखतीत म्हणाले होते. २०१२ मध्ये नागोयाचे महापौर ताकाशी कावामुरा यांनी तर नानजिंगहून आलेल्या पाहुण्यांसमोरच शंका घेतली. नागोया आणि नानजिंग ही १९७८ पासूनची भगिनी शहरं. नानजिंगने संबंध थांबवले.

मंत्री बोलतो, गदारोळ होतो, मंत्री जातो आणि सरकार जुनीच भूमिका पुन्हा वाचून दाखवतं. चीनमध्ये बसून हे पाहणाऱ्याला सरकारच्या कागदापेक्षा मंत्र्याचं वाक्य जास्त आठवणार, हे उघड आहे.

४. मग हा वाद सुरू कधी झाला, आणि वाद घालतंय कोण?

युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या आंतरराष्ट्रीय खटल्यात हे सगळं जपानी जनतेपुढे आलं, पण नंतर बरीच वर्षं शांतता होती. १९७१ मध्ये 'असाही शिंबुन'चे पत्रकार कात्सुइची होंदा चीनमध्ये फिरले, वाचलेल्या लोकांशी बोलले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. घराघरात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात ते छापून आल्यावर देश हादरला. १९७३ मध्ये लेखक अकिरा सुझुकी यांनी या हत्याकांडाला 'माबोरोशी' म्हटलं. माबोरोशी म्हणजे आभास, समोर दिसतं पण हाताला लागत नाही असं काहीतरी. तेव्हापासून नाकारणाऱ्या गटाला 'माबोरोशी गट' हेच नाव पडलं.

ढोबळमानाने तीन गट मानले जातात. मोठी कत्तल झाली असं मानणारा, आकडा काही हजारांपासून चाळीस हजारांच्या आसपास धरणारा मधला, आणि माबोरोशी. विद्यापीठांतून कागदपत्रांवर काम करणारे इतिहासकार जवळजवळ सगळे पहिल्या दोन गटांत आहेत. तिसऱ्या गटाचा आवाज मोठा आहे, पुस्तकंही खपतात, पण अभ्यासाच्या कसोटीवर तो गट पुन्हा पुन्हा उघडा पडला आहे. मासाआकी तानाका यांचंच पाहा. नानजिंगवर चाल करून गेलेल्या सैन्याचे सरसेनापती इवाने मात्सुई यांचे ते कधीकाळचे सचिव, आणि नकारवाद्यांचे आघाडीचे लेखक. त्यांनी मात्सुईंची रोजनिशी संपादित करून छापली. १९८५ मध्ये मूळ वहीशी ताडून पाहिलं तेव्हा सुमारे नऊशे ठिकाणी फेरफार निघाला.

५. नेमकी किती माणसं मारली गेली?

टोकियो खटल्याच्या निकालपत्रात पहिल्या सहा आठवड्यांसाठी दोन लाखांहून अधिक असा अंदाज आहे. नानजिंगच्या चिनी लष्करी न्यायालयाने तीन लाखांहून अधिक म्हटलं आणि चीनचा अधिकृत आकडा आजही तोच आहे. जपानी इतिहासकारांपैकी तोमिओ होरा दोन लाखांपर्यंत गेले. तोकुशी कासाहारा एक लाखाहून बरेच जास्त, दोन लाखांच्या जवळ किंवा त्याहून अधिक म्हणतात. इकुहिको हाता सुमारे चाळीस हजार.

एवढा फरक का? प्रत्येकाचं माप वेगळं आहे. 'नानजिंग' म्हणजे फक्त तटबंदीच्या आतलं शहर, की आसपासच्या सहा तालुक्यांसह? काळ सहा आठवड्यांचा, की कासाहारा धरतात तसा डिसेंबरच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत? पकडून मारलेले सैनिक मोजायचे की नाहीत? (प्रश्न ८ पाहा.) शिवाय पुरलेल्या प्रेतांच्या नोंदी. 'लाल स्वस्तिक' नावाच्या चिनी धर्मादाय संस्थेने सुमारे ४३ हजार प्रेतं पुरल्याची नोंद आहे आणि ती बहुतेक सगळे मान्य करतात. (या स्वस्तिकाचा नाझींशी संबंध नाही. ते बौद्ध परंपरेतलं चिन्ह आहे.) चुंगशानतांग या दुसऱ्या संस्थेची नोंद १ लाख १२ हजारांची आहे. तिच्यावर मात्र जपानी अभ्यासकांत मोठा वाद आहे.

तीन लाख या आकड्यावर शंका घेणारा माणूस हत्याकांड नाकारतोच असं नाही. पण आकडा पक्का नाही, म्हणून काही झालंच नाही, ही उडी लबाडीची आहे. सम्राट हिरोहितोंचे धाकटे भाऊ प्रिन्स मिकासा युद्धकाळात नानजिंगमध्ये लष्करी अधिकारी होते. १९९४ मध्ये ते एका मुलाखतीत म्हणाले, की हल्ली चर्चा सगळी संख्येची चाललेली दिसते. पण शब्दकोशात ग्याकुसात्सुचा अर्थ क्रूरपणे मारणं असा आहे, त्यात संख्येचा संबंध नाही. राजघराण्यातल्या माणसाने, तेही तिथे राहून आलेल्याने, हे म्हटलं आहे. मी वर्गात हे आवर्जून सांगते.

६. शहराची लोकसंख्याच दोन लाख होती म्हणतात. मग तीन लाख मरतील कसे?

दोन लाख हा आकडा राबे आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पत्रांतून येतो. सुरक्षा क्षेत्राच्या आसपास उरलेल्या नागरिकांचा तो अंदाज होता. त्यात चिनी फौज धरलेली नाही, तटाबाहेरची गावं नाहीत आणि आसपासचे तालुकेही नाहीत. युद्धाआधी शहरात सुमारे दहा लाख माणसं होती. किती पळाली, किती राहिली आणि बाहेरून किती निर्वासित आले, याची शिरगणती कुणी केलेली नाही. तीन लाखांवर शंका घ्यायला इतर कारणं आहेत, ती प्रश्न ५ मध्ये आली. दोन लाखांचं गणित मात्र टिकत नाही.

७. पुरावा सगळा चिन्यांचा आणि अमेरिकनांचाच आहे ना? जेत्यांनी लिहिलेला इतिहास?

हा प्रश्न आला की मी वही उघडते, कारण सर्वात जड पुरावा जपानी हातांनी लिहिलेला आहे.

सोळाव्या डिव्हिजनचे सेनापती केसागो नाकाजिमा यांची रोजनिशी घ्या. तारीख १३ डिसेंबर १९३७. साधारणपणे कैदी न ठेवण्याचं धोरण असल्यामुळे, असं म्हणून ते लिहितात, की एका तुकडीच्या अधिकाऱ्याने ताइपिंग दरवाज्याजवळ सुमारे १,३०० जणांची 'विल्हेवाट' लावली. आणखी सात-आठ हजार आहेत. त्यांच्यासाठी मोठा खंदक लागेल आणि तो सहज सापडत नाही. पानावर राग नाही, लाज नाही. धान्याची पोती कुठे ठेवायची याची चिंता करावी तसा मजकूर आहे. मी तो पहिल्यांदा मूळ जपानीत वाचला तेव्हा 'विल्हेवाट' या शब्दावर बराच वेळ अडून राहिले. जपानीत शब्द आहे 'श्योरी'. आम्ही तो विद्यार्थ्यांना कचऱ्याच्या, कागदपत्रांच्या संदर्भात शिकवतो.

दुसरी गोष्ट केंजी ओनो यांची. फुकुशिमातला हा रासायनिक कारखान्यातला कामगार, इतिहासाची पदवी वगैरे काही नाही. नानजिंगच्या उत्तरेला मुफू डोंगराशी चौदा हजारांहून जास्त कैदी पकडल्याची बातमी तेव्हाच्या जपानी वर्तमानपत्रात अभिमानाने छापून आली होती. त्या कैद्यांचं पुढे काय झालं? ती पलटण ओनोंच्याच भागातली होती. कामाच्या पाळ्या सांभाळून ते म्हाताऱ्या सैनिकांची दारं ठोठावत राहिले आणि त्यांनी साध्या सैनिकांच्या रोजनिशा मिळवल्या. १९९६ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. नदीकाठी नेऊन मशीनगनने मारल्याच्या नोंदी त्यात तारखांसह आहेत.

तिसरी गोष्ट माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या 'काइकोशा' या संघटनेची. १९८४ मध्ये त्यांनी आपल्या मासिकातून सभासदांना आवाहन केलं, की तुम्ही तिथे होतात, काय पाहिलं ते लिहून कळवा. हेतू होता सैन्यावरचा डाग पुसण्याचा. पत्रं आली, आणि अनेकांनी हत्या पाहिल्याचंच लिहिलं. मार्च १९८५ च्या समारोपात संपादन करणाऱ्याने आपला आकडा दिला तीन हजार ते तेरा हजार. म्हणजे फारच कमी. पण पुढे लिहिलं, की चिनी जनतेची मनापासून क्षमा मागण्यापलीकडे काही उरत नाही, फार क्रूर कृत्य झालं. सैन्याची बाजू मांडायला बसलेल्या माणसांनी जे समोर आलं ते छापलं. या संपूर्ण वादात मला सर्वात आदर वाटतो तो या घटनेचा.

आणि हो, टोकियोत तेव्हाच माहीत होतं. परराष्ट्र खात्याच्या पूर्व आशिया विभागाचे प्रमुख इतारो इशिई यांनी ६ जानेवारी १९३८ ला रोजनिशीत लिहिलं आहे : शांघायहून पत्र आलं, नानजिंगमधली आपल्या सैन्याची लूट आणि बलात्कार वाचवत नाहीत, अरेरे, हेच का सम्राटाचं सैन्य?

८. मारलेले लोक साध्या वेशातले सैनिक होते. युद्धात तसं करायची मुभा असते ना?

शहर पडल्यावर हजारो चिनी सैनिकांनी गणवेश टाकले आणि ते लोकांत मिसळले हे खरं आहे. पण ते लढत नव्हते, जीव वाचवत होते. संशयिताला पकडलं तर चौकशी आणि खटला हवा. तो न चालवता नदीवर नेऊन मारण्याची मुभा तेव्हाच्या कायद्यातही नव्हती. आणि ओळखायचं कसं? हाताला घट्टे आहेत का, कपाळावर शिरस्त्राणाचा वळ आहे का, एवढ्यावर. घट्टे हमालाच्या हातालाही असतात, रिक्षा ओढणाऱ्याच्याही.

ऑगस्ट १९३७ मध्येच लष्कर मंत्रालयाने चीनमधल्या फौजेला कळवलं होतं, की युद्धाविषयीच्या करारांची सगळी कलमं तंतोतंत लागू करणं योग्य नाही आणि 'युद्धकैदी' हा शब्दही शक्यतो टाळावा. नाकाजिमांच्या वहीतलं 'धोरण' आभाळातून पडलेलं नव्हतं.

९. फोटो खोटे असल्याचं सिद्ध झालंय ना?

काही फोटो चुकीच्या मथळ्याखाली फिरतात, हे खरं. कासाहारांसारख्या जाणकारानेही आपल्या पुस्तकात असा एक फोटो वापरला होता. चूक कळल्यावर त्यांनी माफी मागून तो बदलला. इंटरनेटवर दिसणारा प्रत्येक भीषण फोटो नानजिंगचा समजून पुढे पाठवू नका. नकारवाद्यांना तेच हवं असतं. पण हत्याकांडाचा पुरावा फोटोंवर उभा नाही. तो प्रश्न ७ मधल्या कागदांवर, परदेशी साक्षीदारांच्या पत्रांवर आणि वाचलेल्यांच्या साक्षींवर उभा आहे.

१०. जपानी कोर्टाने एका सैनिकाची रोजनिशी खोटी ठरवली, हे खरं का?

शिरो अझुमा हे नानजिंगला गेलेले सैनिक. त्यांनी १९८७ मध्ये आपली रोजनिशी छापली आणि चीनमध्ये जाऊन माफी मागितली. त्यांच्या जुन्या वरिष्ठाने बदनामीचा दावा लावला, आणि २००० पर्यंत तिन्ही पायऱ्यांवर अझुमा हरले. पण खटला एका प्रसंगापुरता होता : एका चिनी माणसाला टपालाच्या पोत्यात कोंबून मारल्याचा. त्याला वस्तुनिष्ठ पुरावा नाही असं कोर्ट म्हणालं. हत्याकांड झालंच नाही, असं जपानच्या कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही.

उलट दिशेचा खटला मात्र लोकांना माहीत नसतो. १३ डिसेंबरला शिनलूकौ या वस्तीतल्या एका घरात सैनिक शिरले. तिथल्या शिया कुटुंबातल्या नऊपैकी सात माणसांना त्यांनी मारलं. आठेक वर्षांची शिया शूचिन संगिनीने जखमी होऊन पडली, चार वर्षांची बहीण पांघरुणाखाली वाचली. जॉन मागी या अमेरिकन पाद्र्याने पुढे त्या घरी जाऊन चित्रीकरण केलं आणि सोबत टिपण लिहिलं. त्यानुसार या दोन पोरी चौदा दिवस प्रेतांच्या सोबतीने राहिल्या. खाल्लं काय? मुरमुरे, आणि भाताच्या भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड. आपल्याकडे खरवडीवर भावंडांची भांडणं लागतात. तो शब्द वाचल्यापासून मला ते घर डोळ्यांपुढून हलवता आलेलं नाही.

साठ वर्षांनी शूदो हिगाशिनाकानो या प्राध्यापकाने लिहिलं, की टिपणातली मुलगी आणि ही शिया वेगळ्या, ही खरी साक्षीदार नाही. म्हातारी शिया टोकियोच्या कोर्टात उभी राहिली. २००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि प्राध्यापकाने लावलेला अर्थ अभ्यासाचं फळ म्हणण्याच्या योग्यतेचा नाही, असं निकालात लिहिलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

११. आपल्या न्यायमूर्ती पाल यांनी जपानला निर्दोष ठरवलं होतं. मग?

हा प्रश्न भारतातूनच येतो, आणि सर्वात जास्त येतो. न्या. राधाबिनोद पाल टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश. त्यांनी भलंमोठं भिन्नमत लिहिलं आणि सगळ्या आरोपींना सोडावं असं म्हटलं. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता. आक्रमक युद्ध हा गुन्हा आधी कायद्यात नव्हता, तो मागाहून ठरवून शिक्षा देता येत नाही; आणि जेते स्वतःच्या अपराधांवर खटला चालवत नाहीत.

पण नानजिंगबद्दल त्यांनी काय लिहिलं ते पाहा. पुराव्याविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सगळं धरूनही, नानजिंगमधलं जपानी सैनिकांचं वर्तन अत्याचारी होतं यात शंका नाही. जवळजवळ तीन आठवडे ते तीव्र होतं आणि एकूण सहा आठवडे गंभीर राहिलं, असं पाल यांचं मत आहे. त्याची वैयक्तिक जबाबदारी मात्सुईंवर टाकता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर 'नाही' होतं. युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांना देव मानून पूजणाऱ्या टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ पासून पाल यांचं स्मारक आहे. पंतप्रधान शिंझो आबे २००७ मध्ये कोलकात्याला त्यांच्या मुलाला भेटले. पाल यांचं नाव घेऊन नानजिंग नाकारणं हा पाल यांच्यावर अन्याय आहे, आणि आपण भारतीयांनी तो करू नये असं मला मनापासून वाटतं.

१२. मात्सुईंचं पुढे काय झालं?

डिसेंबर १९४८ मध्ये युद्धकाळचे पंतप्रधान तोजो यांच्यासह सात जणांना फाशी झाली, त्यांत मात्सुई होते. फाशीआधी तुरुंगातल्या बौद्ध भिक्षूला त्यांनी सांगितलं, की नानजिंगचं प्रकरण लाजिरवाणं होतं. स्मरणविधीनंतर आपण अधिकाऱ्यांना रडून रागावलो, तेव्हा ते हसले. हल्ल्यात एका फौजेचे प्रमुख असलेले प्रिन्स आसाका राजघराण्यातले, म्हणून त्यांच्यावर खटलाच चालला नाही. १९७८ मध्ये मात्सुईंसह चौदा 'अ' वर्ग युद्धगुन्हेगारांची यासुकुनीत स्थापना झाली. पंतप्रधान तिथे गेले की चीन चिडतो, त्याचं कारण हे.

१३. जपानी मुलांना शाळेत हे शिकवत नाहीत ना?

शिकवतात, पण थोडक्यात. पाठ्यपुस्तकं खासगी प्रकाशक काढतात, शिक्षण मंत्रालय तपासून मंजूर करतं आणि स्थानिक शिक्षण मंडळं निवडतात. झगडा होतो तो मंजुरीच्या पायरीवर. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी मंत्रालयाच्या कात्रीविरुद्ध १९६५ मध्ये पहिला दावा लावला. शेवटचा निकाल आला १९९७ मध्ये, बत्तीस वर्षांनी. मंत्रालयाला तपासणीचा हक्क आहे, पण युनिट ७३१ चा (प्रश्न १४ पाहा) उल्लेख काढायला लावणं बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

१९८२ मध्ये 'आक्रमण' ऐवजी 'आगेकूच' लिहायला लावल्याच्या बातमीवरून चीन आणि कोरिया खवळले. (बातमीत त्या वर्षापुरती चूक होती, पण असा दबाव आधीपासून होता.) त्यानंतर शेजारी देशांच्या भावना लक्षात घेण्याचं कलम तपासणीच्या नियमांत आलं. २००१ मध्ये राष्ट्रवादी गटाचं पुस्तक मंजूर झालं तेव्हा आपल्याकडेही बातम्या आल्या होत्या. ते किती मुलांच्या हातात पडलं हे मात्र बातम्यांत नव्हतं : ०.०३९ टक्के. पालक आणि शिक्षक गावोगावी उभे राहिले, म्हणून.

१४. युनिट ७३१ हा वेगळा विषय आहे का?

वेगळा आहे, पण वादाची तऱ्हा तीच. ईशान्य चीनमधल्या हार्बिनजवळ पिंगफांगला लष्करी डॉक्टर शिरो इशिई यांच्या या जपानी लष्करी तुकडीत जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग झाले. माणसांना तिथे 'मारुता' म्हणत, म्हणजे लाकडाचे ओंडके. युद्धानंतर अमेरिकेने माहितीच्या बदल्यात इशिईंना अभय दिलं, म्हणून टोकियो खटल्यात हा विषय आलाच नाही. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने जंतुयुद्ध झाल्याचं मान्य केलं, पण चिनी फिर्यादींना भरपाई नाकारली. २०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या युनिटमधल्या ३,६०७ जणांची नावं एका जपानी अभ्यासकाच्या मागणीवरून दिली.

१५. जपानने माफी किती वेळा मागायची?

१९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी आक्रमण आणि वसाहती राज्याबद्दल 'मनःपूर्वक माफी' मागितली, आणि पुढच्या पंतप्रधानांनी ते निवेदन कायम ठेवलं. पण १९९८ मध्ये जपानने कोरियाला लेखी माफी दिली. महिनाभराने चीनचे अध्यक्ष जियांग झेमिन आले, तेव्हा संयुक्त निवेदनात 'खोल पश्चात्ताप' एवढंच लिहिलं गेलं. तो सल राहिला. माफीनंतर एखादा मंत्री काय बोलतो, हे प्रश्न ३ मध्ये आहेच.

भरपाईबद्दलही विचारतात. १९७२ च्या संयुक्त निवेदनात चीनने युद्धभरपाईचा हक्क सोडला. त्याच आधारावर २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तींचे दावेही फेटाळले. पण ते प्रकरण चिनी मजुरांच्या वेठबिगारीचं होतं, आणि त्यात कोर्टाने निशिमात्सु या कंपनीने स्वेच्छेने काही करावं अशी अपेक्षाही लिहिली, आणि २००९ मध्ये निशिमात्सु कंपनीने वेठबिगारांशी समझोता केला.

१६. चीनही या विषयाचं राजकारण करतो ना?

करतो. माओच्या काळात नानजिंगबद्दल जाहीरपणे फार बोललं जात नव्हतं. स्मारक उभं राहिलं ते १९८५ मध्ये, आणि १३ डिसेंबर हा राष्ट्रीय स्मरणदिन झाला २०१४ मध्ये. तीन लाखांचा आकडा भिंतीवर कोरला आहे, त्यामुळे तिथल्या इतिहासकाराला वेगळं लिहिणं अवघड. हे सगळं खरं आहे. म्हणून शिया शूचिनने खाल्लेली खरवड खोटी होत नाही.

१७. आपला याच्याशी काय संबंध?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते मुंबईहून निघाले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीस उत्तर चीनमध्ये राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. जपानी सैन्याच्या ज्या मोहिमांना चिनी लोक 'सगळं मारा, सगळं जाळा, सगळं लुटा' म्हणत, त्या याच भागात, याच काळात चालल्या होत्या. कोटणीसांनी टेबलावर घेतलेले जखमी त्या युद्धातले.

'जपान तर नेताजींचा मित्र' असं कुणी म्हटलं की मी अंदमानची आठवण देते. जानेवारी १९४४ मध्ये जपानी सैन्याने होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या.

१८. मी जपानमध्ये राहतो. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याशी यावर बोलावं का?

पहिल्या भेटीत नको, आणि नोमिकाईत, म्हणजे ऑफिसच्या पिण्याच्या बैठकीत तर नकोच. बहुतेकांना शाळेतल्या दोन ओळींपलीकडे माहीत नसतं. आरोपीसारखं विचारलंत तर समोरचा गप्प होईल. मैत्री झाल्यावर 'तुमच्या आजोबांनी युद्धाबद्दल काही सांगितलं होतं का?' असं विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर येतं, 'आजोबा कधीच बोलले नाहीत,' आणि मग बराच वेळ संभाषण चालतं.

१९. जपानमध्येच जाऊन पाहता येईल असं काही आहे का?

आहे. टोकियोत यासुकुनीचं युशुकान संग्रहालय पाहा, म्हणजे दुसरी बाजू स्वतःला कशी सांगते ते कळेल. वासेदाला महिलांवरच्या युद्धकालीन अत्याचारांविषयी 'वाम' हे छोटं संग्रहालय आहे. कावासाकीला मेइजी विद्यापीठाच्या इकुता आवारात लष्कराच्या नोबोरितो संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. चीनची अर्थव्यवस्था खिळखिळी करण्यासाठी खोट्या चिनी नोटा तिथे छापल्या जात. क्योतोत रित्सुमेइकान विद्यापीठाचं शांतता संग्रहालय आहे.

आणि हिरोशिमाला जाणार असाल तर एक दिवस ओकुनोशिमा बेटासाठी ठेवा. सशांचं बेट म्हणून सगळे फोटो काढायला जातात. १९२९ पासून युद्ध संपेपर्यंत तिथे विषारी वायू बनत होता आणि लष्कराने नकाशातून ते बेट पुसून टाकलं होतं. तो वायू चीनमध्ये वापरला गेला. सैन्याने मागे टाकलेल्या पिंपांपैकी काही २००३ मध्ये चिचिहार शहरात बांधकामाच्या खोदाईत वर आली. एक माणूस मेला, ४३ जखमी झाले. तादानोउमी स्टेशनजवळच्या धक्क्यावरून बोट मिळते, पंधरा मिनिटांत बेटावर. १९८८ मध्ये उघडलेलं विषारी वायूचं संग्रहालय तिथे दोनच खोल्यांचं आहे. ते पाहून घ्या, सशांकडे मग जा.